समुपदेशकाच्या खुर्चीत बसण्याआधी

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २८ वर्षांच्या आहेत. जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करून गेली चार वर्षं एका तपासणी लॅबमध्ये काम करतात: रक्तातून डीएनए काढणं, सिक्वेन्सिंग, रिपोर्टचा कच्चा मसुदा. धाकट्या भावाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार आहे, तो आता १९ वर्षांचा आहे. त्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं आणि आई नंतर कितीतरी वेळ कॉरिडॉरमधल्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. 'तेव्हा रिपोर्ट नीट समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. ते माणूस मला व्हायचंय,' असं त्या लिहितात. त्यासाठी नोकरी सोडून जनुकीय समुपदेशनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा का? घरच्यांना वाटतं, शिकायचंच तर पीएच.डी. कर, समुपदेशक म्हणजे डॉक्टर होता न आलेली माणसं. लॅबमधला सहकारी म्हणतो, पाच वर्षांत हे काम मशीनच करेल. आणि शेवटचा प्रश्न: प्रवेशाच्या अर्जात भावाबद्दल लिहावं की नाही?

उत्तर:

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हे सदर लिहिणारी म्हणून आणि एकदा, तुम्हाला ज्या खुर्चीत बसायचंय तिच्यात बरीच वर्षं बसलेली बाई म्हणून. दुसऱ्या वाचनात एक जागा रिकामी दिसली. तिच्याबद्दल शेवटाकडे बोलते, आधी तुम्ही विचारलेलं.

तुम्ही लिहिलंय, 'रिपोर्ट नीट समजावून सांगणारं.' लॅबच्या बाजूनं पाहिलं की हे काम तसंच दिसतं. रिपोर्ट अवघड असतो, घरच्यांना कळत नाही, कुणीतरी सोपा करून सांगायचा. मीही याच समजुतीनं सुरुवात केली होती. पहिल्या वर्षात एक जोडपं आलं होतं. मुलाला दोन्हीकडून आलेला अप्रभावी आजार, म्हणजे आई आणि वडील दोघंही वाहक: स्वतःला आजार नाही, पण जनुकातला बदल जवळ आहे. मी कागदावर वडिलांसाठी चौकोन काढला, आईसाठी वर्तुळ काढलं, प्रत्येकी अर्धा भाग रंगवला, खाली चार मुलं काढून त्यातलं एक पूर्ण काळं केलं. प्रत्येक गर्भारपणात शक्यता २५ टक्के. वडील मान डोलावत होते. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे एक झालं. आता पुढचे तीन ठीक निघतील."

चूक त्यांची नव्हती. चार मुलं एका ओळीत मीच काढली होती. तेव्हापासून मी ते चित्र काढत नाही. एका पिशवीत चार गोट्या, एक काळी, काढायची, बघायची आणि परत आत टाकायची, असं हातानं दाखवते.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची. सगळं आवरून ती दोघं उठली, वडील दार उघडून बाहेरही गेले, आणि आई दाराची कडी हातात धरून मागे वळली. म्हणाली, "दुसऱ्या महिन्यात मी ताप अंगावर काढला होता. त्यामुळे तर नाही ना झालं?" पाऊण तास मी जनुकांबद्दल बोलले होते आणि त्या बाईनं त्यातलं काहीही ऐकलं नव्हतं. ती हा एकच प्रश्न घेऊन आली होती आणि तो विचारायचं बळ तिला दारात पोचल्यावर आलं. तुमच्या आई त्या बाकावर काय विचार करत बसल्या होत्या ते मला माहीत नाही. पण रिपोर्टमधली वाक्यं कळली नाहीत म्हणूनच बसल्या होत्या, हे जरा तपासून बघा. जमलं तर त्यांनाच विचारा.

आता या धंद्याच्या नावाबद्दल, कारण मराठीत ते जरा फसवंच आहे. 'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलाय. आणि आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून जे मोडून काढतात ते नेमकं तेच: उपदेश करायची सवय. यामागे शिष्टाचार नाही, इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'चांगली' पैदास वाढवायची आणि 'वाईट' थांबवायची या कल्पनेनं शास्त्रज्ञ आणि सरकारं दोघंही झपाटले होते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, जर्मनीनं १९३३ मध्ये. अमुकनं मूल जन्माला घालावं, तमुकनं घालू नये, हे आनुवंशशास्त्राच्या नावानं सांगितलं गेलं. शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९४७ मध्ये 'जेनेटिक कौन्सेलिंग' हा शब्द वापरायला सुरुवात केली, तो या वारशापासून काडीमोड घेण्यासाठी. माहिती द्यायची, निर्णय कुटुंबाचा. पुढे १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सारा लॉरेन्स कॉलेजात यासाठीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९७१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. म्हणजे हा व्यवसाय एका माणसाच्या आयुष्याहूनही लहान आहे. घरच्यांना तो नीट ठाऊक नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

(मी सल्ला सदर लिहिते आणि सल्ला न देण्याबद्दल सांगतेय, हे माझ्याही ध्यानात आलंय. पुढे चला.)

उपदेश नाही म्हणजे तोंडात मिठाची गुळणी धरायची, असाही अर्थ घेऊ नका. एखादीला बीआरसीए १ या जनुकातला रोगकारक बदल निघाला, तर स्तनांच्या आणि बीजकोशांच्या कर्करोगासाठी काय करता येतं हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं. तिथे 'तुम्हाला काय वाटतं?' एवढ्यावर सोडणं म्हणजे कामचुकारपणा. गर्भाच्या चाचणीनंतर पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र त्या जातीचा नाही. लोक तिथेही विचारतात, "तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?" आणि डोळ्यांत डोळे घालून विचारतात. ते टाळलं तर त्यांना एकटं पडल्यासारखं होतं, उत्तर दिलं तर निर्णय तुमचा होतो आणि निस्तरायचा त्यांना. मी सहसा म्हणते, "मी तुमच्या जागी नाही, पण कोणता निर्णय घेतला तर पाच वर्षांनी झोप लागणार नाही असं वाटतं, ते आपण बोलू या." कधी उपयोग होतो, कधी ते चिडतात. चिडलेल्या माणसासमोर गप्प बसता येणं हा या कामाचा मोठा भाग आहे आणि तो कुठल्याही एम.एस्सी.त शिकवत नाहीत.

तुमची लॅबमधली चार वर्षं वाया जाणार नाहीत. ती तुमची जमेची बाजू आहे, आणि थोडी आडही येईल. 'अर्थ अनिश्चित' असा व्हेरियंट, म्हणजे जनुकातला बदल, तुम्ही रोज पाहता. २०१५ पासून बहुतेक लॅब व्हेरियंटची जी पाच खान्यांत वर्गवारी करतात त्यातला हा मधला खाना. तुम्ही रिपोर्टवर त्याचं इंग्रजी लघुरूप 'व्हीयूएस' टाइप करता आणि पुढचा नमुना घेता. समोर बसलेल्या माणसाला मात्र 'काहीतरी सापडलंय' एवढंच ऐकू येतं. यातले बरेचसे व्हेरियंट पुढे पुरावा जमला की निरुपद्रवी ठरतात, म्हणून त्याच्या जोरावर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. हे तुम्हाला पाठ आहे. पण एखादी बाई म्हणते, "धोका नाहीच असं सांगता येत नाही ना? मग काढूनच टाकते दोन्ही स्तन," तेव्हा पाठांतर उपयोगी पडत नाही. आणि लॅबमध्ये मुरलेल्या माणसाची एक खोड असते: शांतता पसरली की ती आकड्यांनी भरून काढायची. माझी ती खोड जायला दोन वर्षं लागली.

आता भावाबद्दल. 'मी हे भोगलंय, म्हणून मला इतरांचं कळेल,' असं तुम्ही सरळ लिहिलेलं नाही, पण ओळींमध्ये ते आहे. यावर मला थोडं अडवू द्या. तुम्हाला तुमचं घर कळतं. समोर बसणारं कुटुंब वेगळं असेल. त्यातली बहीण भावावर चिडलेली असेल, वडील हे ऐकून मोकळे झालेले असतील, आई रडण्याऐवजी पैशांचा हिशेब विचारेल. आपल्याला जे वाटलं होतं तेच त्यांनाही वाटतंय, असं आपण गृहीत धरतो, आणि ज्यानं स्वतः अनुभवलंय त्याच्याकडून ही चूक जास्त होते, कारण त्याला आपण बरोबर आहोत याची खात्री असते. म्हणून तुम्ही या कामाला अपात्र ठरता का? अजिबात नाही. माझ्या ओळखीतले काही उत्तम समुपदेशक अशाच घरांतून आलेत. पण त्यांना सुपरवायझरसमोर बसून स्वतःची गाठ सोडवावी लागली, आणि ती एकदाच सुटत नाही.

घरच्यांच्या बोलण्याला फार वेळ देत नाही. 'डॉक्टर होता न आलेले' हे वाक्य नर्स, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ सगळ्यांनी ऐकलंय. तुम्हाला डॉक्टर व्हायचंच नव्हतं, तर विषय संपला. पीएच.डी. हा चांगला रस्ता आहे, पण तो दुसऱ्या गावाला जातो. तुम्हाला एका प्रश्नावर पाच वर्षं एकाग्र राहायला आवडतं का, की दिवसाला पाच अनोळखी माणसांबरोबर? एवढं स्वतःला विचारलंत तरी पुरे. आणि मशीनबद्दल: व्हेरियंट चाळणं, संदर्भ शोधणं, चाचणीआधीची प्राथमिक माहिती देणं यातला बराच भाग सॉफ्टवेअर करू लागलंच आहे, आणखी करेल. बरंच झालं. एका तासाच्या भेटीमागे तेवढाच वेळ जुने रिपोर्ट मिळवण्यात, पत्रं लिहिण्यात आणि फोन करण्यात जातो. तो कमी झाला तर कुणीही तक्रार करणार नाही. कडी धरून मागे वळणाऱ्या बाईसाठी मात्र दारापाशी कुणीतरी माणूस लागणारच, असं मला वाटतं. भविष्य सांगायचं दुकान मात्र मी उघडलेलं नाही.

अभ्यासक्रमाबद्दल नीट चौकशी करा, इथे माणसं फसतात. हे प्रशिक्षण सगळीकडे सारखं नाही. अमेरिका आणि कॅनडात साधारण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि मग प्रमाणपत्राची परीक्षा असते. इंग्लंडमध्ये तीन वर्षांचं, नोकरी करत पगारी प्रशिक्षण घेण्याचाही मार्ग आहे. अनेक देशांत हा व्यवसाय अजून नीट नोंदलेलाच नाही आणि तिथे काही आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करूनही लोक पाटी लावतात. म्हणून संस्थेच्या माहितीपुस्तिकेतली चकचकीत पानं बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. मी काम करू इच्छिते तिथे ही पदवी प्रमाणपत्रासाठी मान्य आहे का? शिकत असताना मी स्वतः किती खऱ्या कुटुंबांशी बोलेन? आणि तेव्हा माझ्यामागे अनुभवी समुपदेशक बसलेला असेल का? दुसऱ्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही, 'भरपूर एक्सपोजर' असं उत्तर मिळालं, तर नमस्कार करून बाहेर पडा. अमेरिकेत मान्यतेसाठी विद्यार्थ्यानं प्रत्यक्ष सहभाग घेतलेल्या किमान ५० केस लागतात. दुसरीकडे हाच नियम नसेल, पण मनात मोजपट्टी म्हणून तो ठेवा.

पदवीनंतर सगळेच दवाखान्यात बसत नाहीत. गर्भारपण, कर्करोग, बालरोग, हृदयविकार, वंध्यत्व या नेहमीच्या जागा. पण बरेच जण लॅबमध्येच जातात: रिपोर्ट लिहिणं, कुठली चाचणी मागवावी यावर डॉक्टरांशी बोलणं, व्हेरियंटचा अर्थ लावणं. तिथे पगार बऱ्याचदा बरा असतो आणि रडणारी माणसं समोर नसतात. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. चाचणी विकणाऱ्याचा पगार घेऊन 'ही चाचणी तुम्हाला नको' म्हणणं सोपं नसतं. आणि कंपनीचं गणित बिघडलं की कुऱ्हाड अशा पदांवर लवकर पडते. तुम्ही आधीच लॅबमध्ये असल्यामुळे तुमच्यासाठी एक मधला पर्यायही आहे: तिथल्याच समुपदेशकाच्या हाताखाली, डॉक्टरांचे फोन घेण्याचं काम मागून बघा. सहा महिन्यांत कळेल की फोन ठेवल्यावर तुम्हाला हलकं वाटतं की जड.

नोकरीचा राजीनामा देण्याआधी आणखी काही करून बघता येईल. प्रत्यक्ष भेटीत बसू द्या म्हटलं तर गोपनीयतेमुळे बरेच लोक नकार देतील, आणि ते बरोबरच आहे. पण समुपदेशक स्वतःच्या कामाबद्दल बोलायला सहसा तयार असतात. त्यांना 'तुमचं काम कसं असतं?' असं मोघम विचारू नका, 'गेल्या मंगळवारी तुम्ही सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारा. संकटात सापडलेल्यांसाठीच्या एखाद्या हेल्पलाइनवर आठवड्याचे तीन-चार तास द्या. अनेक अभ्यासक्रम प्रवेशाच्या वेळी असा अनुभव पाहतात, पण तो भाग गौण आहे. तिथे पहिल्याच आठवड्यात समजतं की आपण ऐकतो की उत्तर शोधत बसतो. रुग्णांच्या मदतगटात काम करायचं असेल तर भावाच्या आजाराचा गट सोडून दुसरा निवडा. आणि एखाद्या मैत्रिणीच्या घरची तीन पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे आजारांची नोंद असलेली वंशावळ, काढून बघा: पुरुष चौकोन, स्त्री वर्तुळ, आजार असेल तो भरीव. वीस मिनिटांत काढायची. 'आणखी कुणी लहानपणी गेलेलं?' हा प्रश्न विचाराल तेव्हा पेन खाली ठेवून तिच्या चेहऱ्याकडे बघा.

आता ती रिकामी जागा.

तुमच्या पत्रात करिअरबद्दल दोन पानं आहेत. कॅरियरबद्दल, म्हणजे वाहक असण्याबद्दल, एक शब्दही नाही. तुम्ही जेनेटिक्स शिकलेल्या आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा कमी ठाऊक नाही: ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, सुमारे दोन तृतीयांश मुलांत बदल वाहक आईकडून आलेला असतो, उरलेल्यांत तो नव्यानं घडलेला असतो. आई वाहक असेल तर मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी तिच्या बीजपेशींत तो असू शकतो, म्हणून बहिणीची शक्यता अगदी शून्यावर येत नाही. आणि वाहक स्त्रियांच्या हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त पुढच्या पिढीचा नाही.

तुमची तपासणी झालीय की नाही, हे मला कळवू नका. झाली असेल आणि तुम्ही ती लिहिली नसेल, तर तो तुमचा हक्क आहे. झाली नसेल तर तोही हक्कच आहे. न जाणून घेणं हाही निर्णय असतो, फक्त तो घेतलेला असावा, राहून गेलेला नसावा. पण अशा वाचक आणखीही असतील, म्हणून एक गोष्ट बोलते. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला एक मोह होतो: संध्याकाळी सगळे गेले की स्वतःच्या रक्ताची नळी एखाद्या टोपणनावानं ओळीत लावून द्यायची. तसं करू नका. रात्री साडेनऊ वाजता रिकाम्या खोलीत, स्क्रीनवर स्वतःचा निकाल वाचणं ही कल्पनेत वाटते तितकी खाजगी गोष्ट नसते. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत काम करायचं असतं.

त्यापेक्षा वेळ घेऊन एखाद्या समुपदेशकाकडे जा. सहकर्मी म्हणून नको, चौकशीसाठी नको, पेशंट म्हणून जा. भावाचा रिपोर्ट सोबत न्या, कारण त्यात नेमका कोणता बदल आहे ते कळल्याशिवाय तुमच्या चाचणीला अर्थ राहत नाही. समुपदेशन घेतलं म्हणजे रक्त द्यावंच लागतं असं नाही. तासभर बोलून, 'आत्ता नको' म्हणून परत आलात तरी ती भेट पूर्ण झालेली असते. खूप जणी तशाच परत जातात आणि काही तीन वर्षांनी पुन्हा येतात. तुम्हाला या व्यवसायाबद्दल जे जाणून घ्यायचंय त्यातलं बरंच त्या तासात, त्या बाजूच्या खुर्चीत कळेल: समोरच्यानं कुठे बोलायला हवं होतं, कुठे गप्प राहायला हवं होतं, आणि दाराशी पोचल्यावर तुम्हाला कोणता प्रश्न आठवला.

राहिला अर्जाचा प्रश्न. भावाबद्दल लिहा. लपवलंत तर मुलाखतीत ते दुसऱ्याच कुठल्यातरी वाक्यातून बाहेर येईल. पण दोन ओळी पुरेत. बाकाचं, कॉरिडॉरचं वर्णन नको, ते तुमच्या आईचं आहे. उरलेली जागा त्यानंतर तुम्ही काय काय करून पाहिलंत, यासाठी ठेवा. मुलाखतीत हमखास विचारतील, "समोर ड्युशेनचंच निदान झालेला मुलगा आणि त्याचे आईवडील आले तर?" तेव्हा 'मला जमेल' म्हणू नका, आणि 'मला नाही जमणार' असंही नको. त्या दिवशी सकाळी आधी सुपरवायझरला सांगेन, मग आत जाईन, आणि बाहेर आल्यावर पुन्हा तिच्याशी बोलेन, असं सांगा. पण तसं खरंच करणार असाल तरच.